पोटखराबा, बारा फूट

मोजणीला गेलो होतो खडकोंडीला, जतच्या पुढे.
भांडण साधं: दोन चुलतभाऊ, एक बांध.
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला,
वारा होता, म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड.
आणि दोघांच्या गटांमधून निघाली एक पट्टी:
रुंदी बारा फूट, लांबी सव्वातीन मैल.
कब्जेदार, खडकोंडी लाइम कंपनी.
शेरा, पोटखराबा.

दोघेही गप्प.
पंधरा वर्षं कोर्टात घातली होती त्यांनी
तिसऱ्याच कुणाच्या तरी जमिनीसाठी.

पंच म्हणून आलेला तिम्मण्णा धोत्रे
बांधावर उकिडवा बसला होता. म्हणाला,
"हितनं रूळ गेलं हुतं, सायेब.
माझ्या आज्ज्यानं खडी फोडली त्येच्याखालची."

वर खाण, खाली भट्ट्या, मधे उतार.
चुनखडीनं भरलेले डबे आपसूक सुटायचे,
एक माणूस ब्रेकच्या दांड्यावर पोट टाकून.
रिकामे डबे वर ओढायला बैल.
आणि उतरताना तेच बैल
शेवटच्या डब्यात उभे,
बाभळीच्या शेंगा चघळत, शेपट्या बाहेर,
रानातल्या माणसांकडे बघत यायचे खाली.
तिम्मण्णा हसला. त्याला चारच दात.
"बैलानं गाडीत बसायचं आन् आमी चालायचं!"

मग इंजिन आलं. मिरजेहून, बैलगाड्यांवर, तुकड्या-तुकड्यांनी.
पितळी पाटीवर काही नाव होतं, कुणाला वाचता येईना.
चढाला अडायचं, फुरफुरायचं,
पाणी दिसलं की हलायचं नाही,
म्हणून गावानं त्याला रेडकू म्हटलं.
हाकायला बाबालाल मुतवल्ली, मिरजेचा फिटर,
चुन्यानं भुवया पांढऱ्या झालेला
सव्वीस वर्षांचा पोरगा.

रेडकाला एका खेपेला चाळीस घागरी लागत.
सलग तिसरं साल कोरडं गेलं
तेव्हा विहिरीवर कंपनीचा पहारा बसला.
त्या दिवशी दुर्गव्वा, खडी फोडणारी,
रिकामी घागर मांडीवर घेऊन
रुळावर बसली. ओरडली नाही.
बाबालालनं ब्रेक मारला. खाली उतरला.
तिच्याकडे बघितलं, मग मॅनेजरच्या बंगल्याकडे,
आणि टाकीचा नळ सोडला.

कोमट पाणी, लोखंडाच्या वासाचं.
खाणीतून बाया धावत आल्या, डोक्यावरच्या पाट्या टाकून.
भट्टीवरून आल्या, हात पोळलेल्या, चिंध्या बांधलेल्या.
टाकी संपली तसं त्यानं
चुलीतली आग ओढून काढली मातीवर,
बॉयलर फुटू नये म्हणून,
आणि सावलीला बसून राहिला
मॅनेजरचा घोडा येईपर्यंत.

पुढे?
"फुडं काय. मिरजेला गेला म्हंत्यात.
दुर्गव्वा माझी आज्जी न्हवं, चुलत आज्जी."
सिमेंट आलं, भट्ट्या विझल्या,
लढाईच्या वर्षी रूळ उपटून नेले.
हातभर तुकडा राहिला तिम्मण्णाकडे,
अजून छिन्न्या त्याच्यावरच ठोकतो.

मी यंत्राला डोळा लावला.
भिंगात एक बाभूळ, तिच्यामागे दुसरी,
तिच्यामागे तिसरी, पार टेकडीपर्यंत.
कुणी लावल्या नव्हत्या.
डब्यात उभ्या बैलांच्या शेणातून उगवलेल्या,
त्यांच्या शेंगांतून पुन्हा उगवलेल्या.
नकाशाशी ताडून पाहिलं:
सव्वातीन मैलांत फरक एक फूट, कुठे दीड.
आमच्या खात्यात याहून वाईट रेषा मंजूर होतात.

थोरल्यानं तंबाखू काढली. डबीत चुना नव्हता.
धाकट्यानं न बघता आपली डबी पुढे केली.
दोघांनी मळली, झाडली, दाढेला धरली.
मी नकाशा गुंडाळत होतो,
तेवढ्यात थोरला थुंकून म्हणाला,
"मग सायेब, ह्या बाभळी कुणाच्या?"